डा म्हणजे पाणी

मेळघाटातून उठून अकोट तालुक्यात वसलेल्या एका गावात आम्ही गटाच्या बैठकीला गेलो होतो. बाजूला पहिलीचा वर्ग. एक पोरगी सारखी 'डा, डा' म्हणत होती. गुरुजी नवे, त्यांना वाटलं धडा म्हणते. तिला तहान लागली होती. कोरकूत पाण्याला 'डा' म्हणतात.

कोरकू ही मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातली, संथाळीची बहीण. म्हणजे बाकीची पोरं नुसतं अक्षर शिकतात, ही अक्षरही शिकते अन् भाषाही. 'आम्ही सर्वांना सारखंच शिकवतो' म्हणून कसं भागंल? पोरगी मठ्ठ नाही. खरं सांगतो, बाजारात कोरकू बायांच्या बोलण्याला आम्हीही हसलो आहोत. अन् आपल्या 'येऊन रायली'ला पुण्याकडचं कोणी हसलं की किती झोंबते!

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शक्य तोवर मातृभाषेतून शिकवावं, असं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात, निम्म्या बाया, अन् वंचित घरच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा. तुमच्या गावच्या समितीत कोरकू आई आहे का? असली तर बोलते, की नुसता अंगठा देते?

आम्ही गुरुजींना एवढंच म्हटलं, आठवड्यातून एकदा कोरकू आजीला वर्गात गोष्ट सांगू द्या, तिचे शब्द फळ्यावर मराठीशेजारी लिहा. त्यांनी 'डा' लिहिलं, शेजारी 'पाणी'. तशी ती पोरगी उठून म्हणाली, आता 'उरा' लिहा. उरा म्हणजे घर.