मिझोगुची, त्याची बहीण आणि किनुयो तानाका

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात ‘ओहारूचं आयुष्य’ हा जपानी चित्रपट दाखवल्यानंतर केलेलं भाषण)



दिवे लागले तेव्हा बऱ्याच जणींचे डोळे ओले होते. माझेही होते, आणि मी हा चित्रपट चौथ्यांदा पाहतेय. पण मागच्या रांगेतल्या एका ताईंनी लगेच विचारलं, “पुरुषाला हे सगळं कळलं कसं?” मी चित्रपटाच्या मांडणीवर बोलायचं ठरवून आले होते. ते राहू द्या, या प्रश्नावरच बोलते.

केंजी मिझोगुची १८९८ साली टोकियोत जन्मला. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात सैन्याला रेनकोट विकून पैसा करावा म्हणून वडिलांनी होतं नव्हतं ते घातलं. माल खपायच्या आत युद्ध संपलं. घर बुडालं. मग भरपाई कशातून झाली? पोरीतून. थोरली बहीण सुझू दत्तक म्हणून दिली गेली आणि तिथून गेइशांच्या व्यवसायात विकली गेली. पुढे एका उमरावाने तिला ठेवली. आई वारल्यावर याच बहिणीने भावाला आपल्याकडे आणलं, त्याचं शिक्षण केलं. हा थोर दिग्दर्शक तिच्या पैशावर उभा राहिला.

आता ओहारूचा बाप आठवा. मुलगी सरदाराला वारस द्यायला गेली, आता पैसा येणार, म्हणून हा उधारी करून ठेवतो. मूल झाल्यावर तिला परत पाठवतात, तेव्हा कर्ज फेडायला तिलाच शिमाबाराच्या वस्तीत विकतो. तो राक्षस नाही, हिशेबी आहे. मला तेच जास्त भयंकर वाटतं. १९३६ च्या ‘ओसाका एलेजी’त टेलिफोनवर काम करणारी मुलगी बापाची अफरातफर भरून काढायला मालकाची रखेल होते, आणि शेवटी घरचेच तिच्याकडे पाठ फिरवतात. म्हणजे ताई, त्याला कळलं ते घरातच.

पण कळलं तरी वळलं का? तो स्वतः त्या वस्त्यांमधला नेहमीचा गिऱ्हाईक होता. १९२५ साली तिथल्याच एका बाईने, त्याच्या प्रेयसीने, त्याच्या पाठीवर वस्तरा चालवला. त्या जखमेचा व्रण जन्मभर राहिला.

आणि ओहारू झालेली किनुयो तानाका? त्याच्या दहाहून अधिक चित्रपटांचा भार तिने पेलला. १९५२ साली याच चित्रपटाला व्हेनिसला पारितोषिक मिळालं. पुढच्याच वर्षी तिने स्वतः दिग्दर्शन करायचं ठरवलं. नारुसे या दिग्दर्शकाच्या हाताखाली सहायक म्हणून काम शिकली, ‘प्रेमपत्र’ हा पहिला चित्रपट केला. ओझूनेही तिला पटकथा दिली. विरोध केला तो मिझोगुचीने! दिग्दर्शकांच्या संघटनेचा अध्यक्ष म्हणून तिच्या आड आला. पडद्यावर बाईचं दुःख मांडणाऱ्याला कॅमेऱ्यामागची बाई चालेना. १९५४ नंतर दोघांनी एकत्र काम केलं नाही. तानाकाने मात्र १९६२ पर्यंत सहा चित्रपट दिग्दर्शित केले.

मग त्याचे चित्रपट टाकून द्यायचे? मला तसं वाटत नाही. १९५६ सालचा त्याचा शेवटचा चित्रपट योशिवारातल्या एका कुंटणखान्यावर आहे. संसदेत वेश्याव्यवसायबंदीच्या कायद्यावर चर्चा चाललीय, आणि मालक बायकांना सांगतो की सरकार तुमच्यासाठी काही करत नाही, आम्हीच खरी समाजसेवा करतो. (आपल्यापैकी किती जणींनी हे वाक्य प्रत्यक्ष ऐकलंय!) शेवटी एक कोवळी पोर, तोंडाला रंग फासलेली, खांबाआडून पहिल्या गिऱ्हाइकाला हाक मारू पाहते. मार्चमध्ये चित्रपट आला, मे महिन्यात कायदा मंजूर झाला, ऑगस्टमध्ये रक्ताच्या कर्करोगाने मिझोगुची गेला.

तो कॅमेरा त्या खांबापाशी थांबला. कायद्यानंतर त्या बायकांचं काय झालं, हे १९६१ साली दाखवलं तानाकाने. सुधारगृहातून बाहेर पडलेली एक मुलगी आधी दुकानात, मग कारखान्यात कामाला लागते, आणि दर ठिकाणी तिची जुनी ओळख आधी पोचलेली असते. छळ करणाऱ्यांत बायकाही आहेत. पटकथाही बाईचीच, सुमिए तानाकाची. कितीतरी वर्षं हे चित्रपट सहज पाहायला मिळत नव्हते. २०२१ पासून सहाही चित्रपट दुरुस्त केलेल्या प्रतींमधून पुन्हा दाखवले जाऊ लागलेत.

उद्या सकाळी तो १९६१ चा चित्रपट लावणार आहोत. चहा साडेआठला आहे, नऊला सुरू करू. आणि ताई, तुम्ही पुढच्या रांगेत बसा.