हृदयविकाराचे भाकीत : आकडा आणि आचरण



हृदयविकाराचा झटका अचानक येतो, असे म्हटले जाते. वस्तुतः हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांत चरबीचे थर साचण्याची क्रिया कित्येक वर्षे मूकपणे चाललेली असते.

१९४८ साली अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे ५,२०९ स्त्री-पुरुषांची दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. तिच्यातून वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान व मधुमेह यांची सांगड घालून पुढील दहा वर्षांतील धोका वर्तविण्याची रीत सिद्ध झाली. ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने २००४ साली दाखविले की, दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांच्या मानाने लवकर वयात येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली प्रदेशवार सुधारित तक्ते प्रसिद्ध केले. रक्ततपासणीची सोय नसल्यास वय, लिंग, धूम्रपान, रक्तदाब आणि उंची-वजनाचे प्रमाण यांवरूनही त्यांत अंदाज बांधता येतो. बीड जिल्ह्यातील वाडी-तांड्यांसाठी ही सोय मोलाची आहे. आशा कार्यकर्ती तिशीपुढील व्यक्तींची प्रश्नावली भरते, तीत कंबरेचा घेरही मोजते. स्त्रियांत ८० व पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या पुढे घेर गेला की गुण वाढतात. एकूण गुण चारांहून अधिक झाल्यास तपासणीस प्राधान्य मिळते.

धोका १० टक्के, याचा अर्थ तशा शंभर व्यक्तींपैकी सुमारे दहांना दहा वर्षांत विकार होण्याचा संभव. ते दहा कोण, हे कोणताही तक्ता सांगत नाही. म्हणून कमी आकडा म्हणजे अभय नव्हे आणि मोठा आकडा म्हणजे ललाटलेख नव्हे. वय बदलता येत नाही. परंतु तंबाखू सुटते, रक्तदाब आटोक्यात येतो.

शाकाहारी घरात हा विकार शिरत नाही, हा समज घातक आहे. दिवसभर पेढीवरची बैठक, तळलेले फरसाण, पापड-लोणच्यांतील मीठ यांचा हिशेब शरीर चोख ठेवते. पर्युषणातील उपवासांपूर्वी मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

छातीत दाब, घाम, धाप किंवा डाव्या हातात कळ जाणवल्यास ‘पित्त असेल’ म्हणून थांबू नये. आष्टी-पाटोद्याच्या खेड्यांतून मोठे रुग्णालय दूर असते. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

व्यापारी वर्षअखेरीस ताळेबंद मांडतो. चाळिशीनंतर प्रत्येक कुटुंबाने देहाचाही ताळेबंद दरवर्षी मांडावा, हीच सुवर्णमहोत्सवी वर्षातील अपेक्षा.