कॅरमची पावडर आणि एसटीचा ब्रेक

आजचा भाग घरात कुणीतरी लहान असलेल्यांसाठी. भाचा, पुतणी, शेजारचं पोर, कुणीही चालेल. त्याला एवढंच विचारा, ढकललेली वस्तू थोड्या वेळाने थांबते का? बहुतेक पोरं सांगतात, "त्यातला जोर संपला."

हसू नका हं. वस्तू हलत राहायची तर जोर लावत राहावाच लागतो, असं ॲरिस्टॉटलही मानायचा, आणि कितीतरी शतकं भल्याभल्यांना ते पटलं होतं.

म्हणून "चूक!" असं न म्हणता कॅरम बोर्ड काढा. पावडर न टाकता स्ट्रायकर मारायला सांगा. मग बोरिक पावडर भुरभुरवा आणि तेवढ्याच जोराची टिचकी परत. पण मारण्याआधी विचारायचं, "आता कुठपर्यंत जाईल?" सगळी गंमत या अंदाजात आहे. अंदाज न घेता प्रयोग केला तर पोर नुसतं बघतं आणि विसरतं.

मघाशी मध्येच अडकलेला स्ट्रायकर आता समोरच्या कडेवर आपटून परत येतो. टिचकी तर तीच होती, मग जोर उशिरा कसा संपला? इथे आपण गप्प बसायचं. खरंच गप्प. पोराला वेळ दिलात तर ते म्हणेल, "मघाशी बोर्ड त्याला अडवत होता!" झालं की, घर्षण सापडलं. शब्द नंतर द्या, घाई नाही. मग पुढचा प्रश्न: बोर्डाने अजिबातच अडवलं नाही तर? "मग थांबणारच नाही!" न्यूटनने १६८७ साली आपल्या ग्रंथात पहिला नियम म्हणून मांडलं ते हेच.

आता एसटी. ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला की आपण पुढच्या सीटवर जातो. पोरं म्हणतात, ब्रेकने ढकललं. पण मागून कुणीच ढकललेलं नसतं. गाडी थांबली, आपण मात्र आधीच्याच वेगाने निघालो होतो. पुस्तकात याला जडत्व म्हणतात.

हे फक्त परीक्षेपुरतं नाही. कितीतरी जण गाडीत बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसतात, "मी घट्ट धरलंय ना" म्हणत. हिशोब करू. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला ११० किलो वजन उचलण्याइतका जोर लागेल. तोही आधी कुणी न सांगता, एका क्षणात. जिममध्ये किती उचलता तुम्ही? बाळ हातातून सुटतंच, आणि गाडीच्याच वेगाने पुढे जातं. मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेली चाइल्ड सीट असते ती यासाठी. पोराला जडत्व कळलं, की तेच आपल्या बाबांना विचारतं, "तुम्ही पट्टा का नाही लावला?" आणि त्याच्यापुढे आपली कारणं टिकत नाहीत.

जाता जाता एक कोडं. पाण्याची बाटली जवळजवळ भरा, एक बुडबुडा राहू द्या, आणि बसमध्ये मांडीवर आडवी धरा, तोंड ड्रायव्हरच्या दिशेला. ब्रेक लागला की पाणी पुढे सरकेल. आणि बुडबुडा? आधी पोराला अंदाज करू द्या. मग व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!