दारी आलेल्या मुलीला खरे सांगा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी गोड बोलावे असा रिवाज आहे. पण मी आज एका चुकीची कबुली देणार आहे.

काही वर्षांपूर्वी आरोग्याच्या पाहणीसाठी एक मुलगी आमच्या दारी आली. घरातल्या मोठ्या माणसांची झोप, चिंता, दारू, तंबाखू यांविषयी तिने विचारले. मी झटकन म्हटले, "आमच्याकडे कोणाला काही नाही हो!" त्याच वेळी आतल्या खोलीत माझी धाकटी जाऊ भिंतीकडे तोंड करून पडली होती. महिनाभर तिचे जेवणात लक्ष नव्हते. आणि माझी मिश्रीची डबी? मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच; पण ती मला आठवलीसुद्धा नाही.

अशा पाहणीत सगळी घरे विचारीत नाहीत. शिताने भाताची परीक्षा करावी, तशी ठरावीक पद्धतीने थोडी घरे निवडतात. म्हणून निवडलेले एकेक घर हजारो घरांच्या वतीने बोलते. मी खोटे बोलले, ते त्या साऱ्या घरांच्या वतीने!

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत मानसिक आरोग्याची मोठी पाहणी केली. गुजरात, मध्य प्रदेश त्यांत होते. आपला महाराष्ट्र नव्हता. सुमारे ३५ हजार प्रौढांना विचारले, तेव्हा दर १००० मागे १०६ जणांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचे दिसले. दारूमुळे आजारी झालेल्या १०० पैकी सुमारे ८६ जणांना उपचारच मिळत नव्हते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ वर्षांवरील ८.९ टक्के स्त्रिया तंबाखू घेतात असे आढळले. माझ्यासारख्या लपवणाऱ्या किती असतील, ते तुम्हीच मनाशी विचारा.

या आकड्यांवरून डॉक्टर किती हवेत, औषधे कुठे हवीत, हे ठरवता येते. आपण झाकले, तर आपल्या गावाची गरज कागदावर उमटतच नाही.

जावेला आम्ही डॉक्टरांकडे नेले, ते त्यानंतर दोन वर्षांनी. आज ती बरी आहे. पण ती दोन वर्षे मी तिला परत कुठून देऊ?

म्हणून सांगते, अशी मुलगी दारी आली, तर तिला पाणी द्या, बसवा आणि खरे सांगा. आणि घरात कोणी मिटून बसले असेल, तर पाहणीची वाट पाहू नका. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक स्वयंपाकघरात लिहून ठेवा.

माझी डबी मी टाकून दिली आहे.