पडद्याचे पैसे



गेल्या हळदीकुंकवाला आपल्या एका सभासद बाईंकडून आपण पडदा रंगवून घेतला. पंधरा दिवस त्या खपल्या. रंगाचे पैसेसुद्धा आपण विचारले नाहीत. खण-नारळ देऊन मोकळ्या झालो. मांडववाल्याचे बिल मात्र त्याच संध्याकाळी चुकते केले! त्यांना गळ घालायला गेले होते ती मीच, म्हणून आज बोलायला उभी राहिले.

मुंबईत १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी निघाली. ती प्रदर्शने भरवते, बक्षिसे देते. १९३७ साली अमृता शेरगिल यांच्या ‘तीन मुली’ या चित्राला तिने सुवर्णपदक दिले. तेव्हा त्यांची पंचविशीही उलटली नव्हती.

सुवर्णपदक आपल्याला परवडायचे नाही. पण सभागृहाची भिंत आहे ना? वर्धापनदिनाला सभासदांची चित्रे किंमत लिहून मांडू. विक्रीतले मंडळाने काही कापू नये. पडदा, पाटी, स्मरणिकेचे मुखपृष्ठ, यांचे पैसे आधी ठरवावेत. वर्गणी थोडी वाढेल. कुरकुर होईल, माझीही होईल.

रंगाचा खर्च विचारायला मी उद्या त्या बाईंकडे जाणार आहे. कोणी बरोबर येत असेल तर चारला निघू.