वहीत नसलेले तास

(जानेवारीच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला विषय दिला तो 'छोट्या धंदेवाल्यांसाठी नव्या वर्षाचं नियोजन'. वर फोनवर असंही सांगितलं की जरा उत्साहवर्धक बोला, नवीन वर्ष आहे! मी गेली बावीस वर्षं एडिसन-आयझलिनच्या परिसरातल्या आपल्या लोकांचे हिशेब लिहिते. किराणा, केटरिंग, ब्यूटी पार्लर, डे-केअर, ड्रायव्हिंग स्कूल, छपाई, सगळं बघितलं. हिशेबनिसाकडून उत्साहाची अपेक्षा करणं म्हणजे दंतवैद्याकडून पेढ्यांची अपेक्षा करण्यासारखं आहे. तरी प्रयत्न करते.

आपल्या धंदेवाल्यांना वर्षातून तीन नवी वर्षं येतात. दिवाळीचा पाडवा वहीपूजनाचा, गुढीपाडवा नवं काही सुरू करायचा, आणि १ जानेवारी आयआरएसची. यातली पहिली दोन आपण मनापासून साजरी करतो आणि तिसरीला घाबरतो. दिवाळीत मला काही दुकानांतून आग्रहाने बोलावतात. हल्ली वही म्हणजे लॅपटॉप, तेव्हा कीबोर्डवर अक्षता आणि झाकणावर कुंकवाचं बोट. आपल्या मंडळातल्या काहींना हे खपत नाही हे मला ठाऊक आहे. माझी त्याला हरकत नाही, फक्त अक्षता 'एंटर'च्या खाली जाऊ नयेत. हरकत आहे ती वेगळ्याच गोष्टीला. ज्या वहीची पूजा होते तिच्यात त्या दिवशीच्या प्रसादाच्या साखरेचा खर्चसुद्धा असतो, पण प्रसाद करणारीच्या वर्षभराच्या कामाचा एक तासही नसतो. आज मी एवढ्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे. वेबसाइट कशी करावी, जाहिरात कुठे द्यावी, हे सांगणारे इथे माझ्यापेक्षा हुशार लोक बसले आहेत.

एक उदाहरण घेऊ. हे एका घराचं नाही, चार-पाच घरांचं मिळून केलेलं आहे, तेव्हा कोणी शेजाऱ्याकडे बघू नका! डबे आणि छोट्या समारंभांचं जेवण पुरवणारा धंदा. धंदा नवऱ्याच्या नावावर. सगळा खर्च जाऊन वर्षाचा निव्वळ नफा ७२,००० डॉलर. शेड्यूल सी वर तोच आकडा, त्याच्याच नावाने. दोघंही खूश, कारण धंदा 'चालतो'.

मी त्यांना विचारते, आठवड्याला तास किती? तो म्हणतो, साठ. ती म्हणते, मी कुठे काम करते, मी नुसती मदत करते. मग आम्ही कागद घेऊन बसतो. पहाटेची कणीक, भाज्या, फोडण्या, डबे भरणं, फोनवरच्या ऑर्डरी, रात्री भांडी, रविवारी पटेलांच्या घाऊक दुकानातून सामान. 'नुसत्या मदतीची' बेरीज होते पंचेचाळीस तास. दोघांचे मिळून आठवड्याला १०५, वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर ५,२५० तास. आता ७२,००० ला ५,२५० ने भागा. तासाला १३ डॉलर ७१ सेंट येतात. न्यू जर्सीत २०२५ साली साधारण किमान वेतन होतं १५ डॉलर ४९ सेंट. म्हणजे हा धंदा नफ्यात नाही. दोन माणसं किमान वेतनापेक्षा कमी दराने राबताहेत, आणि जी तूट आहे तिलाच आपण नफा म्हणतो आहोत. (सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स अजून यातून जायचाच आहे.)

नव्या वर्षाचं पहिलं नियोजन हे, की घरातल्या प्रत्येकाचे तास लिहा. शनिवारी गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाचे आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजींनी लाटलेल्या पोळ्यांचेसुद्धा. दर ठरवायचा असेल तर माझ्या मते सगळ्यांत चांगली वेळ म्हणजे ही बेरीज झाल्यानंतरची. डब्याचा भाव वाढवायला आपण घाबरतो, कारण आपल्या मते तो 'परवडतो'. कुणाच्या जिवावर परवडतो ते तासांच्या कागदावर दिसतं.

आता दुसरा भाग, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो ७२,००० चा आकडा एकाच्या नावाने गेला, म्हणजे सोशल सिक्युरिटीची नोंदही एकाच्याच खात्यावर झाली. स्वतःची पेन्शन मिळायला चाळीस क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे किमान दहा वर्षांचं काम. २०२५ साली एका क्रेडिटला १,८१० डॉलरची कमाई लागत होती, चारांना ७,२४०. आपल्या उदाहरणातली बाई वर्षाला सव्वादोन हजार तास काम करते आणि तिच्या खात्यावर क्रेडिट शून्य. लग्नाआधी पुण्यात बँकेत नोकरी केली असेल तर ती वर्षं इथे धरली जात नाहीत, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात तसा करार नाही.

तिला काहीच मिळत नाही असं मी म्हणत नाही. पूर्ण वयाला घेतली तर नवऱ्याच्या पेन्शनच्या निम्म्यापर्यंत पत्नी म्हणून मिळते, आणि त्याच्या मागेही मिळते. पण हे सगळं लग्नाच्या आधाराने. घटस्फोट झाला आणि लग्नाला दहा वर्षं पुरी झालेली नसली, तर त्याच्या खात्यावरचा पेन्शनचा हक्क संपला. आणि मनगट गेलं, पाठ गेली, ती उभी राहू शकेना, तर? नवरा हयात असताना त्याच्या खात्यावर बायकोला अपंगत्वाचा भत्ता मिळत नाही. त्यासाठी स्वतःची क्रेडिट लागतात, तिशी ओलांडलेल्यांना साधारणपणे गेल्या दहा वर्षांतली वीस. दिवसाला दोनशे पोळ्या लाटणाऱ्या बाईला मनगटाचा विमा नाही, आणि हे तिला माहीतही नाही.

२०२० च्या वसंतात हे लख्ख दिसलं. दुकानं बंद झाली तेव्हा केंद्र सरकारने एरवी बेकारभत्ता न मिळणाऱ्या स्वयंरोजगारवाल्यांनाही भत्ता दिला, आणि जुलैअखेरपर्यंत त्यावर आठवड्याला ६०० डॉलर जास्तीचे. एका दुकानात दोन माणसं बेकार झाली होती. अर्ज एकाचाच झाला, कारण दुसरी व्यक्ती तिथे काम करत होती याचा कागद जगात कुठेही नव्हता. असे फोन मला त्या एप्रिलमध्ये किती आले ते मोजायचं मी नंतर सोडून दिलं.

मग उपाय काय? माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ जणांना वाटतं की बायकोचं नाव घातलं की टॅक्स वाढेल. तर ऐका. २००७ च्या कर-वर्षापासून नवरा-बायकोंना एक सोय आहे, 'क्वालिफाइड जॉइंट व्हेंचर'. दोघंच मालक, दोघंही धंद्यात खरोखर राबणारे, आणि रिटर्न एकत्र भरणारे असतील, तर भागीदारीचं वेगळं रिटर्न न भरता दोघांनी आपापलं शेड्यूल सी आणि शेड्यूल एसई भरायचं. खरोखर राबणारे म्हणजे काय याच्या कसोट्या आहेत, त्यातली एक वर्षाला ५०० तासांहून जास्त काम ही. आपली बाई ती मार्चमध्येच ओलांडते! ७२,००० चे ३६,०००-३६,००० झाले. सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सचा दर तोच, १५.३ टक्के, तेव्हा दोघांची बेरीजही तीच. सोशल सिक्युरिटीची कमाल मर्यादा २०२५ साली १,७६,१०० डॉलर होती. एकट्याचा नफा त्याच्या वर जात असेल तरच वाटणी महाग पडते. त्या अडचणीत असलेले इथे कोणी असतील तर त्यांनी पुढच्या महिन्याचा चहा प्रायोजित करावा.

अटी आहेत. धंदा एलएलसीच्या नावे असेल तर न्यू जर्सी-न्यूयॉर्कमध्ये ही सोय नाही. टेक्सस-कॅलिफोर्नियासारख्या राज्यांचे नियम निराळे. इथे एलएलसीत दोघं सभासद झालात तर भागीदारीचं रिटर्न भरावं लागेल, किंवा रीतसर पगार द्यावा लागेल. पगार द्यायचा तर डब्ल्यू-टू निघायला हवा. आणि एच-फोर व्हिसावर असाल, वर्क परमिट नसेल, तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. 'पगार घेत नाही म्हणजे काम करत नाही' हा आपला समज आहे, कायद्याचा असेलच असं नाही.

तोटाही सांगते. कमाई वाटली की नवऱ्याच्या खात्यावरची कमाई घटते, म्हणजे त्याची पेन्शनही थोडी घटते. पेन्शनचं सूत्र कमी कमाईवाल्यांना झुकतं माप देतं, म्हणून बहुतेक घरांत दोघांची बेरीज बरी येते, पण बहुतेक म्हणजे सगळी नव्हेत. तिच्यापुढे कामाची दहा वर्षं उरली नसतील आणि आधीची क्रेडिट नसतील, तर पेन्शनच्या दृष्टीने फारसा उपयोग नाही. एसएसएच्या साइटवर दोघांनी आपापलं खातं उघडून आकडे बघा, मग ठरवा. उलट जोड्याही आहेत. पार्लर तिचं, आणि तो नोकरी गेल्यापासून तीन वर्षं अपॉइंटमेंटा, हिशेब, सामान बघतो आणि लोकांना सांगतो, 'सध्या कन्सल्टिंग करतो'. त्याचीही नोंद करा की!

टॅक्सच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की दुसरा प्रश्न येतो. 'ताई, घर एकच आहे ना, तिचं-माझं कसलं?' आपल्या मंडळात शेतकरी महिला आघाडीच्या १९८६ च्या चांदवड अधिवेशनाचं नाव निघालं की सगळ्यांच्या माना डोलतात. शरद जोशींनी पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला आणि ज्या गावात शंभर घरं बायकांच्या नावे जमीन करून देतील तिथे स्वतः जायचं कबूल केलं. हजारो शेतकऱ्यांनी सातबाऱ्यावर बायकोची नावं लावली. त्यांचंही घर एकच होतं. जमीन कोरडवाहू, शिक्षण बेताचं, आणि गावातल्या चार लोकांचे टोमणे वेगळे. आपल्याकडे फक्त एक जादा फॉर्म भरायचा आहे, तो मी भरून देते, आणि तरी आपल्याला ते अवघड वाटतं. याचं कारण टॅक्स नाही.

नाव म्हणजे फक्त रिटर्नवरचं नव्हे. दुकानाचं लीज, बँकेची सही, विम्याची पॉलिसी, घाऊक व्यापाऱ्याकडची उधारी, क्विकबुक्सचा पासवर्ड, हे दोघांनाही माहीत आणि दोघांच्याही हातात असायला हवं. एका दुकानात मालक अचानक आयसीयूत गेले तेव्हा पंधरा वर्षं गल्ला सांभाळणाऱ्या त्यांच्या पत्नीला बँकेने खात्यातली शिल्लकही सांगितली नाही. बँकेचं चुकलं नव्हतं. त्यांच्या लेखी ती बाई गिऱ्हाइकांपैकी एक होती.

हाच न्याय स्वयंपाकघरात मागे उभ्या असलेल्या माणसालाही. 'तोच म्हणतो ताई, रोखीत द्या.' म्हणेलच, त्याला आज भाडं भरायचं आहे. रोखीतल्या पगाराचंही क्रेडिट नाही, आणि हात भाजला तर तोही आपल्या उदाहरणातल्या बाईच्याच रांगेत. न्यू जर्सीत २९ ऑक्टोबर २०१८ पासून दर तीस तासांच्या कामामागे एक तास पगारी आजारपणाची रजा, वर्षाला चाळीस तासांपर्यंत, हा कायदा आहे. पार्टटाइम असो, दुकानात एकच नोकर असो, लागू आहे. आपण मंडळात कामगारांच्या हक्कांचे ठराव करतो ते चांगलंच आहे, पण त्यातल्या किती जणांच्या दुकानात या रजेची नोंद असते ते मी आज हात वर करून विचारत नाही. मी तुमच्या वह्या बघते, मला माहीत आहे.

तारखा पटकन सांगते. चौथ्या तिमाहीचा अंदाजी कर १५ जानेवारीला. डब्ल्यू-टू आणि १०९९ जानेवारीअखेर, शेवटचा दिवस शनिवार-रविवारी आला तर पुढच्या कामाच्या दिवशी. १०९९ ची मर्यादा २०२५ च्या रकमांना ६०० डॉलर होती, २०२६ च्या रकमांपासून २,००० झाली आहे. आणि जॉइंट व्हेंचरला वेगळा अर्ज नाही, निवड रिटर्न भरतानाच होते. म्हणजे २०२५ मध्ये तुम्ही दोघं खरोखर मिळून धंदा चालवत होतात, तर २०२५ च्याच रिटर्नमध्ये ते दाखवता येईल. एप्रिलपर्यंत वेळ आहे.

चहानंतर मी तासभर मागच्या टेबलाशी आहे. गेल्या वर्षीचं रिटर्न आणलं असेल तर घेऊन या, आणि दोघंही या. एकटेच आलात तर मी आधी दुसऱ्याला फोन लावायला सांगेन, मगच फाइल उघडेन.