हाताची साक्ष



तीन पातेल्यांत पाणी घ्यावे: गार, कोमट आणि हाताला सहज सोसेल इतके ऊन. मुलाने एक हात गार, दुसरा ऊन पाण्यात अर्धा मिनिट ठेवावा. मग दोन्ही कोमट पाण्यात बुडवावेत. तेच पाणी पहिल्या हाताला ऊन, दुसऱ्याला गार लागते. त्वचेला पाण्याचे तापमान नव्हे, तर हातात येणारी वा हातातून जाणारी उष्णता जाणवते. म्हणूनच शेगडीपासून उठून आलेल्या आईच्या हाताला लेकराचा खरा ताप कळेलच असे नाही. तेथे तापमापकच हवा. उत्तर मात्र आधी सांगू नये. हिंदीभाषक शहरात बाहेर ‘गुनगुना’ म्हणणाऱ्या मुलाने आपल्या हातांची ही फसगत घरी स्वतःच सांगावी, म्हणजे ‘कोमट’ हा शब्दही त्याला अनुभवासह मिळेल.